कुत्रंछाप पाने

दिंद्रुडच्या राधाकिशन मिस्त्रीचा स्वभाव लई खराब, हे आधीच सांगते. त्यांच्या आन् माझ्या घराला भिंत एकच, म्हणून सगळं कानावर पडलेलं. पण चोर? न्हाई बाई! लोक विहिरीवरच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात टाकून बाजाराला जायचे.

विहिरींवर डिझेल इंजनं होती तवा त्याचा रुबाब बघण्यासारखा होता. मग विजेच्या मोटारी आल्या आन् इंजनं भंगारात गेली. मिस्त्रीकडं राहिले नटबोल्ट खोलायचे तीन विलायती पाने, परभणीच्या उस्तादानं मरताना दिलेले. पाना हातात आला की आधी अंगठा फिरवायचा. लोखंडात ठोकलेली छाप अंगठ्याला लागली की सुरू! "हे कुत्रं, म्हंजी बर्मिंगहॅमचं. कोंबडीच्या पायावानी बाण असला तर इंग्रजाच्या फौजेचा माल. आन् इंजनाच्या पेटीत यायचे त्या पान्यावर इंजनवाल्या कंपनीचं नाव." कुणी इचारलं नसलं तरी सांगायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा, मेला.

बायकोला मात्र पान्यांना हात लावू द्यायचा न्हाई. बायनाबाईनं एकदा झाडताना पाने गुंडाळलेलं फडकं सरकवलं, तर यानं चुलीवरचा तवा अंगणात भिरकावला. "बाईच्या हातानं छाप मरती," म्हणायचा.

अमरसिंह म्हणजे गावातला मोठा जमीनदार. त्यानं नव्या बंगल्याच्या फाटकापाशी आजोबाचं जुनं इंजन लाल रंग देऊन उभं केलं, आन् शेजारी टांगायला मिस्त्रीचे पाने मागितले. मिस्त्री चारचौघांत म्हणला, "इंजन तुमचं, पाने माझे." झालं, मोठ्या माणसाला झोंबलं. पाने आमच्याच इंजनाच्या पेटीतले हायेत, दुरुस्तीला आला तवा ढापले, अशी हूल त्यानं उठवली. आन् गावाला काय, निमित्तच पायजे! मिस्त्रीच्या घरचा चहा प्यायलेली तोंडं "तरीच!" म्हणायला लागली.

मिस्त्री चवताळला. "खंडेनवमीला मारुतीच्या पारावर मांडतो पाने. कुत्रं निघालं तर माझे. तुमच्या इंजनाचं नाव निघालं तर चोर म्हणून गाढवावर बसवा मला," असं अमरसिंहाला तोंडावर सांगून आला.

खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून हळदकुंकू वाहायची आमच्याकडची रीत. त्या सकाळी मिस्त्री पार धुवायला गेला आन् बायनाबाईनं जन्मात पहिल्यांदा फडकं सोडलं. छापेत जुनं ग्रीस आन् गंज भरलेला. लोकांना कुत्रं दिसणार कसं? पदराखाली पाने घेऊन ती म्हाळू वेल्डरकडं पळाली. "कुत्रं लख्ख दिसू दे बाबा." म्हाळूच्या कानात गाणी. त्यानं मान हलवली आन् पाने धरले ग्राइंडरच्या चाकाला. बायनाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू, तिला नुसती चकाकी दिसली. येताना भिंतीवरून मला म्हणली, "आज हात लावला बाई. रागावणार न्हाईत ना?"

पारावर मिस्त्रीनं फडकं उलगडलं. ऊन पडून पाने असे चकाकले की लोकांनी डोळे बारीक केले. त्यानं अंगठा फिरवला. घसरला. दुसऱ्यावर फिरवला, तिसऱ्यावर फिरवला. माणसाचं तोंड असं पांढरं पडताना मी कधी बघितलं न्हवतं.

"काय बे मिस्त्री, कुत्रं पळालं का?" अमरसिंह म्हणला. सगळा पार हसला.

बायनाबाई पुढं आली. "म्या घासून आणले दादा. कुत्रं नीट दिसावं म्हणून."

"लई उपकार झाले मावशी," अमरसिंहानं हात जोडले. "आमचं नाव घासून काढलं म्हणा की! चोराची बायको शोभता."

म्हाळू तिथंच होता, मोबाइलमध्ये डोकं घालून. अमरसिंहाच्या फाटकाचं काम त्याच्याकडं, मग कशाला बोलतोय भाड्या! मी वरडले, "आरं, ग्राइंडर कुणी मारला ते सांग की!" तर बाया मलाच मागं वढायला लागल्या. अमरसिंहानं तिन्ही पान्यांना स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावलं आन् घेऊन गेला. गाढव कुणी आणलं न्हाई. त्याची गरजच राहिली न्हवती.

मी त्यांच्या मागोमाग घरात गेले. बायनाबाईनं रिकाम्या फडक्याची घडी घातली आन् देवापुढं ठेवायला गेली. मला वाटलं, आता मारतो हा तिला. मारलं न्हाई. ते फडकं तिच्या हातातून घेतलं, चुलीत घातलं, आन् जळून राख होईस्तोवर बघत बसला. मग तिचा हात मनगटाला धरून राखेपाशी नेला.

"लाव," म्हणला. "आता लाव हात."