शर्यतीचं जपानी शिकवणाऱ्या बाई

आमच्या जपानीच्या बाईंनी ओसाकात जितक्या परदेशी बायकांना शिकवलं, तितक्या सगळ्या जणी भाजीच्या दुकानात मुक्या आणि घोड्यांच्या शर्यतीत वाचाळ झाल्या, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. त्यांतलीच एक मी. नव्वदीच्या सुरुवातीला नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला पुण्याहून तिकडे पाठवलं. वॉर्डाच्या सभागृहात दर मंगळवारी एक निवृत्त शाळामास्तरीण फुकट जपानी शिकवते असं कळलं, म्हणून गेले. सत्तरीच्या जवळपासच्या, चणीने बारीक, कानावर लाल पेन्सिल. मी नवीकोरी वही उघडली, तर बाईंनी माझ्यापुढे शर्यतीचं वर्तमानपत्र पसरलं. "पुस्तकातली माणसं नेहमी स्टेशन कुठे आहे एवढंच विचारतात," त्या म्हणाल्या. "घोड्यांच्या बातमीत वजन, हवा, खानदान, दुखणी, सगळं असतं. आणखी काय लागतं हो संसाराला?"

मला हे पटलं. परिणाम मी भोगले. एकदा पाऊस पडत असताना कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली गेले, शेजारीणबाई भेटल्या. हवापाण्याचे दोन शब्द बोलावेत म्हणून मी शर्यतीच्या पानावरचं पावसाळी वाक्य म्हटलं, "आज मैदान जड आहे, नाही?" त्या बघतच राहिल्या. पण आतून त्यांचे यजमान बनियनवर धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मग कोण येईल असं वाटतं?" मी आठवलं ते एका घोड्याचं नाव सांगून टाकलं. तेव्हापासून दर शनिवारी ते मला कमरेत वाकून नमस्कार करायचे. कशाबद्दल ते मला बरेच महिने समजलं नाही.

बाईंचं वर्ष मोठ्या शर्यतींवर चाले, आणि त्या शर्यतींनी माझ्या डोक्याचा पार भुगा केला. सात्सुकी म्हणजे जुन्या हिशेबात पाचवा महिना, पण सात्सुकी-शो एप्रिलात. किक्का-शो म्हणजे शेवंतीची शर्यत. तिथे शेवंती शोधत मी अर्धा तास हिंडले. सम्राटाच्या नावाची तेन्नो-शो तर वर्षातून दोनदा, एकदा क्योतोला लांब पल्ल्याची आणि एकदा तोक्योला आखूड, दोन्ही खऱ्या. "मग यातली मोठी कोणती?" मी विचारलं. "दोन्ही," बाई शांतपणे म्हणाल्या. आपल्याकडे तुळशीचं लग्न दर घरी वेगळ्या दिवशी लागतं, तसंच काहीसं असेल अशी मी मनाची समजूत घातली. स्वतः बाईंनी आयुष्यात कधी कुठल्या घोड्यावर पैसे लावले नव्हते. त्या डब्यात भाताचे गोळे घेऊन जात आणि घोडे बघून घरी येत.

घोड्यांचं वय हे आणखी एक प्रकरण होतं. तेव्हा तिथे घोडा जन्मला की लगेच एक वर्षाचा धरत, आणि एक जानेवारीला सगळे घोडे एकदम वर्षाने मोठे. बाईंनी माझ्या मुक्ताचा पाळणाघराचा अर्ज मोठ्या प्रेमाने भरून दिला. नोव्हेंबरात जन्मलेली माझी तीन वर्षांची पोर त्यांच्या गणिताने पाच वर्षांची झाली. पाळणाघराने तिला मोठ्या वर्गाची टोपी घातली. ती नाकापर्यंत आली आणि पोरगी भिंतीवर आपटली. मी तक्रार घेऊन गेले तर बाईंनी पुन्हा बोटं मोजली. "घोडी असती तर माझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

पण त्यांची खरी शर्यत एकच, ओका-शो. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, बहरात तरुण घोड्या पळतात ती. ओसाका आणि कोबेच्या मधल्या त्यांच्या गावापासून ते मैदान दोन-तीन स्टेशनांवर. लग्न होऊन त्या गावात आल्यापासून त्यांनी ती चुकवली नव्हती.

आणि मग पंच्याण्णवच्या जानेवारीत, पहाटे, भूकंप झाला. ओसाकात आमची कपबशांची फळी तेवढी कोसळली. बाईंचा फोन लागेना. सभागृहातली माणसं नुसती मान हलवायची. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या मंगळवारी मी मुक्ताला शेजारीणबाईंकडे ठेवलं, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्या घेतल्या, गाडी जात होती तिथपर्यंत गेले आणि पुढे चालत सुटले. त्यांची गल्ली मला ओळखताच येईना. घराच्या जागी कौलांचा ढीग होता. ढिगावर एक फळी उभी खोचलेली आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने चार ओळी. मी आयुष्यात इतक्या भीतीने काही वाचलं नाही. पण पहिलाच शब्द 'बुजी' होता, म्हणजे सुखरूप. घोडा धडधाकट परतला की शर्यतीच्या पानावर तोच छापत. तिथेच रस्त्यावर बसून मी रडले.

खाली शाळेच्या व्यायामशाळेचा पत्ता होता. बाई तिथे चटईवर ब्लँकेट गुंडाळून बसल्या होत्या. मला बघून, माझ्या आडनावाचं नेहमीसारखं जपानी करून म्हणाल्या, "केरुकारु-सान, ऐकलंत का? मैदानाची पार दुर्दशा झालीय. यंदा ओका-शो म्हणे क्योतोला!"

"सेन्सेई, तुमचं घर..."

"घर पडलं ते मी पाहिलंय. पण क्योतोला कशी होईल? घोड्यांना सांगितलंय का कुणी?"

एप्रिलात मीच त्यांना क्योतोच्या मैदानावर घेऊन गेले. साकुरा फुलला होता, गर्दी होती, सगळं होतं. पण बाईंना आपण कुठे उभं राहायचं ते समजेना. कठड्यापाशी गेल्या, परत आल्या, जिन्यापाशी थांबल्या. "आमचं झाड इथे नाही," म्हणाल्या. "आम्ही नवरा-बायको झाडाखाली उभे राहायचो. तो गेल्यावरही मी तिथेच उभी राहायचे." मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात लोक ओरडले, टापांचा आवाज आला आणि गेला. आम्हा दोघींना काहीच दिसलं नाही.

"कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही हो, सेन्सेई."

तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. लहान मुलासारख्या, तोंड न झाकता.

त्या उन्हाळ्यात त्या दूर पश्चिमेला भावाकडे राहायला गेल्या. दोन-तीन पत्रं आली, त्यांतलं निम्मं मला कळलं. पुढे आम्हीही पुण्याला परतलो. पण बाई म्हटलं की मला आठवते ती त्या दिवशीची परतीची गाडी. बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर मान टाकून त्यांना झोप लागली. तीन महिने व्यायामशाळेत शंभर माणसांच्या खोकल्यात त्या धड झोपल्याच नव्हत्या. ओसाकाचं शेवटचं स्टेशन आलं, डबा रिकामा झाला, पुन्हा भरला आणि गाडी उलटी क्योतोकडे निघाली. मी त्यांना उठवलं नाही.