मिलिंद, ग्राइंडर आणि पत्र्याची धार

आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरला फोनवर नीट बोलताच येत नव्हतं. "ज्ञानबा, मिलिंदभाऊ पडले... मुकादमानं ढकललं त्यांना," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला आणि मग नुसता रडू लागला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये यंत्र चालू होतं. मी ते बंद केलं आणि तसाच निघालो. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा मिलिंदवर चादर ओढलेली होती. मी ती बाजूला केली. पत्र्याच्या कडेनं त्याला मांडीपासून बरगडीपर्यंत उभं चिरलं होतं. मेलेल्या माणसाचा चेहरा शांत दिसतो म्हणतात. मिलिंदच्या चेहऱ्यावर राग तसाच होता.

आता काही आठवडे उलटलेत. शेजारच्या टेबलावर दुसरा माणूस आलाय, चांगला आहे, कमी बोलतो. मिलिंद कमी बोलणारा नव्हता. भांडकुदळ होता, शिव्या देणारा होता, हात उचलणारा होता. त्याच्याविषयी गोड लिहिलं तर तोच उठून माझी गचांडी धरेल.

आम्ही वाटूरचे, एका शाळेतले. मोठ्या इमारतींच्या मजल्यावर काँक्रीट ओतण्याआधी नागमोडी लोखंडी पत्रे अंथरतात, त्याला डेक म्हणतात. ते अंथरण्याच्या कामावर आम्ही तिघं जायचो : मी, मिलिंद आणि आमच्याच गावचा दिनकर. तेव्हा पत्रे सरसकट एकाच लांबीचे यायचे. खांब आला, कोपरा आला की उघड्या मजल्यावर, वाऱ्यात, तुळईवर बसून ग्राइंडरनं कापायचे. एका दुपारी दिनकर कापत होता, पत्र्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. पत्रा वाऱ्यानं हलला, चकती अडकली आणि फुटली. तिचा तुकडा दिनकरच्या मानेत गेला. मिलिंदनं धावत येऊन दोन्ही हातांनी ती मान दाबून धरली. बोटांमधून रक्त उसळत होतं आणि मिलिंद ओरडत होता, "दिनकर, माझ्याकडं बघ! डोळे मिटू नको!" दिनकरनं डोळे मिटले नाहीत. उघडेच राहिले.

गावात सांगायला मिलिंदच गेला, त्याच शर्टावर. मी मागं उभा होतो. दिनकरची बायको लता चुलीपुढं बसली होती. तिनं शर्टाकडं पाहिलं, ऐकून घेतलं आणि हातातली लोखंडी फुकणी त्याच्या कपाळावर हाणली. भुवई फुटली. "तू कसा काय जित्ता आला?" ती किंचाळली. मिलिंद हलला नाही. "मारा वहिनी," म्हणाला. तिनं आणखी मारलं. सासूनं मधे पडून फुकणी हिसकावली तेव्हा मिलिंदचा एक डोळा रक्तानं बंद झाला होता.

त्यानंतर साइटच्या कामाला आम्ही हात लावला नाही. जालन्यात हा कारखाना निघाला होता. इथं गुंडाळीतून सरळ पत्रा येतो, यंत्रातून नागमोडी होऊन निघतो आणि नकाशाप्रमाणं खालीच मापात कापला जातो. खांबाच्या खाचासुद्धा खालीच पाडतात. वर नेऊन फक्त अंथरायचा आणि पक्का करायचा. मिलिंदनं पहिल्यांदा ते कटर धाडकन खाली येताना पाहिलं तेव्हा कापलेल्या कडेवरून त्यानं हळूच बोट फिरवलं. मग म्हणाला, "ज्ञान्या, हे आधी आलं असतं तर..."

पण धार इथंही होतीच, आणि त्याचा रागही. एका ऑपरेटरनं काम जल्दी व्हावं म्हणून कटरपुढची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी काढून ठेवली होती. मिलिंदनं आधी यंत्र बंद केलं, मग त्याला अशी थोबाडीत दिली की तो पत्र्यांच्या ढिगावर जाऊन पडला. साहेबांनी बोलावलं. "कामगारावर हात उचलतोस?" तर हा म्हणतो, "मारलं ते चुकलं. पण जाळी काढली तर पुन्हा मारीन." मिलिंदला काही दिवस घरी बसवलं. परत आल्यावर पहिल्यांदा त्यानं जाळीच तपासली. तो ऑपरेटर पुढं वर्षभर त्याच्याशी बोलला नाही... आणि मिलिंदच्या तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी पुढं आला.

सुट्टीला मिलिंद वाटूरला जायचा आणि दिनकरच्या दारात बसायचा. लाकडं फोडून द्यायचा, सासूला दवाखान्यात न्यायचा. आत मात्र कधी जायचा नाही. शेवटी लताच म्हणाली, "लोक बोलून राह्यले. एक तर येऊ नका, न्हाई तर घरात या." सासूनंच होकार दिला. विहारात मोजक्या माणसांत दोघांचं लग्न झालं. त्यांचा संसार शांत नव्हता. भांडणं व्हायची, भांडी आपटायची, पण मिलिंदनं तिच्यावर कधी हात उचलला नाही. हे मला लतानंच सांगितलं.

त्या दिवशी मिलिंद माल घेऊन बायपासजवळच्या दुकानांच्या एका इमारतीच्या साइटवर गेला होता. ड्रायव्हरनं पुढचं सगळं पाहिलं. मजल्यावर पत्रे उलट्या बाजूनं अंथरायला घेतले होते, म्हणून खाचा खांबाला जुळत नव्हत्या. मुकादमानं ग्राइंडर मागवला. मिलिंद जिना चढत ओरडला, "बंद कर! पत्रा बराबर हाय, तू उलटा टाकलाय!" मुकादम म्हणाला, "तू माल उतरव अन् निघ." मिलिंदनं वायर उपटली. मुकादमानं सळई मारली, मिलिंदनं त्याची कॉलर धरली. दोघं झटले. मग मुकादमानं छातीवर जोरात ढकललं आणि मिलिंदचा पाय अजून पक्क्या न केलेल्या पत्र्यावर पडला. पत्रा तुळईवरून सटकला. आधी मिलिंद खाली गेला, मागून पत्रा.

पोलीस ठाण्यात 'तोल जाऊन पडला' असं लिहून घ्यायची तयारी होती. लता समोर उभी राहिली. "तोल गेला न्हाई, घालवला. तसं लिहा." ती हलेना. संध्याकाळी ग्राइंडर धरलेला माणूस स्वतःहून आला. मुकादमाचाच माणूस, ओठ फुटलेला. कुणी फोडला ते त्यानं सांगितलं नाही. भिंतीला टेकून म्हणाला, "वायर उपटली तेव्हा ग्राइंडर माझ्या हातात व्हता. मी पाहिलं." मग ड्रायव्हरही बोलला. मुकादम आज कोठडीत आहे. खटला कुठवर जाईल, सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात लता म्हणाली, "ज्ञानबाभाऊ, ती जागा दाखवा." मी नको म्हणालो, ती ऐकेना. मजला पुरा झाला होता, वर काँक्रीट पडलं होतं. आम्ही खालच्या मजल्यावर उभे राहिलो. वर पाहिलं तर पत्र्यांचे तेच चकचकीत पन्हळ, आणि प्रत्येक पत्र्यावर लाल रंगानं लिहिलेला नंबर, शेजारी बाण. कुठलं टोक कुठं बसवायचं ते कळावं म्हणून मिलिंद स्वतः लिहायचा. सातला आडवी रेघ मारायची त्याची सवय. लता मान वर करून एकेक नंबर वाचत खांबाखांबातून फिरली. शेवटच्या खांबापाशी थांबली.

"हे झाकतील का?"

"हो वहिनी. खालून पांढरं छत करतील."

ती तशीच वर बघत राहिली. मान अवघडली असणार.

"करू द्या," म्हणाली. "आत राहतंय ना ते."