लॅपटॉप सापडला, त्यानंतर

पारनेरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वर्षश्राद्धाची निमंत्रणं असलं काम करून देते. जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा नगरच्या एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप घेतला. दुकानदारानं आतलं सगळं पुसून दिलं होतं. मी तो इंटरनेटला जोडत नसे. तयार झालेलं काम पेनड्राइव्हवरून छापखान्यात जायचं. तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी मी त्याच्यावरच उरकली.

मग एका गिऱ्हाइकाला पत्रिका ताबडतोब मेलवर हवी झाली, म्हणून मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं. मेल गेला. थोड्या वेळानं पडदा काळा पडला आणि पांढऱ्या अक्षरांत मजकूर आला, की हा लॅपटॉप चोरीला गेलेला आहे, कृपया मालकाशी संपर्क साधा. खाली फोन नंबर होता. बटणं दाबून काही होईना.

सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना वाचून दाखवलं.

"चोरीचा हाय व्हय?"

"मी तर दुकानातून घेतला. पावती आहे माझ्याकडं."

"आसंल. पर ज्याचा हाय त्याला सांग. घरात नगं ठिवू."

मी फोन लावला. वाटलं, पोलीसच उचलतील. उचलला तो एका वयस्कर गृहस्थांनी. राहुरीला राहतात म्हणाले. मी घडलं ते सांगितलं. मी कोण, लॅपटॉप कुणाकडून घेतला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"आत जुनं काही दिसतं का?" एवढंच विचारलं.

"नाही, काका. माझ्याकडं आला तेव्हा रिकामाच होता."

ते म्हणाले, "बरं. तुम्ही फोन केलात, बरं केलंत."

त्यांनी जिथं तक्रार दिली होती त्या पोलीस ठाण्यात मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि पावती घेऊन गेले. काका आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. माझा जबाब झाला, लॅपटॉप जमा झाला. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो त्यांनाही मिळणार नव्हता. बाहेर बाकावर आम्ही चहा घेतला, तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांच्या पत्नीला घशाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशननंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग त्या बाई रोज दुपारी लॅपटॉपसमोर बसून बोलत राहिल्या. गाणी नाहीत, निरोप नाही. घरात जे बोलायच्या तेच. चहा ठेवलाय. दूध उतू जाईल, बघा जरा. किल्ली घेतली का.

"मी म्हणायचो, हे काय रेकॉर्ड करतेस. ती म्हणायची, तुम्हाला हेच लागणार आहे."

ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. काकांनी लॅपटॉप मुलीकडं पुण्याला न्यायला घेतला, आणि बस स्टँडवर बॅगच गेली. त्या सगळ्याची दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

मुलीनं पूर्वीच त्यावर चोरीचा माग काढणारी सेवा घेऊन ठेवली होती. ती मशीनच्या मुळातच बसलेली असते, वरचं पुसलं तरी जात नाही. लॅपटॉपला नेट मिळालं की तो कुठं आहे ते कळतं आणि तो कुलूपबंद होतो.

"रोज मुलीला विचारायचो, काही कळलं का. मशीन परत मिळेल एवढंच डोक्यात होतं. ते पुसलेलं असेल, हे मनातच आलं नाही."

मी त्यांचा कप उचलून टपरीवर ठेवून आले.

लॅपटॉप त्यांना मिळाल्यावर त्यांचा फोन आला. पुसलेला मजकूर परत काढणारा एक जण नगरला होता. मी त्यात काय काय ठेवलं होतं, ते त्याला माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. मी गेले. त्यानं मशीन ठेवून घेतलं आणि आठवड्यानं आम्हाला पुन्हा बोलावलं. पडद्यावर फायली एकेक करून उघडत गेल्या. बहुतेक माझ्याच होत्या. श्री गणेशाय नमः, आमचे येथे श्रीकृपेकरून. माझं काम जिथं जिथं साठलं, तिथलं खालचं जुनं कायमचं पुसलं गेलं होतं. त्यानं ते साध्या शब्दांत सांगितलं आणि मान खाली घातली. मी काकांकडं बघू शकले नाही.

"तुम्हाला कुठं माहीत होतं," काका मला म्हणाले.

आवाजाच्या ज्या थोड्या फायली निघाल्या त्या उघडेनात. शेवटी एक उघडली. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, घसा खाकरल्याचा. मग एका बाईंनी हाक मारली, "अहो." आणि फाईल तुटली.

तो माणूस पुन्हा लावायला निघाला तेव्हा काकांनी हातानंच नको म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. मग म्हणाले, "एवढं दोन-तीन ठिकाणी उतरवून द्या. एक मुलीला पाठवा."

बाहेर आल्यावर त्यांनी लॅपटॉपची पिशवी माझ्यापुढं धरली. "तुमचं काम अडलं असेल. न्या." मी नाही म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही. आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. पारनेरला यंदा कांदा कसा आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बरा आहे. राहुरीची गाडी लागलेली होती. ते खिडकीपाशी बसले, पिशवी मांडीवर घेऊन, आणि गाडी सुटेपर्यंत मी तिथं उभी राहिले.