बाळीवेशीतला टायपिंगचा क्लास

सोलापुरात बाळीवेशीत प्रभुलिंग सरांनी बत्तीस वर्षं मराठी टायपिंग शिकवलं. वीस मशिनं एकदम खडखडत असायची आणि सर दारात पाठमोरे उभे राहून सांगायचे, "तिसऱ्या रांगेत कुणाची तरी करंगळी चुकली बघा." कानच तसा तयार झाला होता. मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, मुलंही तिकडंच गेली, आणि एके दिवशी सरांनी शटर ओढलं ते ओढलंच.

वर्षभर ते नुसते बसून होते. शेवटी दिवाळीला पुण्याहून लेक आली, काव्या. तिनं लॅपटॉपच पुढ्यात ठेवला. "अप्पा, क्लास ऑनलाइन घ्या. शिकवणं तर तेच की."

तेच कुठलं! इथं अक्षरांच्या जागाच वेगळ्या. मशिनवर 'कि' लिहायचा तर आधी वेलांटी, मग क. इथं क आधी आणि वेलांटी मागून. अठ्ठावन्नाव्या वर्षी सर पहाटे उठून 'किरण, किरण' बडवत बसू लागले.

"तुमीच नापास व्हाल बघा," सरांच्या पत्नी दाक्षायणीबाई हसायच्या. बोटं वळायला तीन महिने लागले.

पहिल्या वर्गाला सात जण आले. सहा चेहरे दिसत होते. सातव्या चौकटीत नुसते छताचे पत्रे.

"संस्कृती, कॅमेरा जरा खाली घ्या."

"सर, त्यो कुटं बघतोय ते मला कळत न्हाई," करमाळ्याकडच्या एका वस्तीवरून पोरीचा आवाज आला. "मला दिसत न्हाई. चार वर्षांमागं तापात डोळे गेले. फोनला कीबोर्ड जोडलाय, बटन दाबलं की फोन अक्षर बोलतो, त्यावर शिकंन म्हनलं."

सरांनी आठवडाभर खपून केलेले बटणांचे रंगीत तक्ते तिच्या काय कामाचे? पण बत्तीस वर्षं आपण पोरांना एकच तर सांगत आलो, बटणांकडं बघू नका म्हणून! दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एकटीला चारची वेळ दिली. स्वतःही डोळे मिटून बसले.

"दोन्ही हातांची अंगठ्याजवळची बोटं फिरवा. दोन बटणांवर बारीक उंचवटा लागेल."

"लागला, सर."

"तिथनं कुठं जायचं ते मी सांगतो."

रोज चारला तास व्हायचा. दोन महिन्यांनी सर म्हणाले, "आज उतारा नाही. मनानं एक पान लिहा."

तिनं पाठवलेलं पान सर दाक्षायणीबाईंना मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

"सरांचा पंखा फिरता फिरता अडखळतो. शेजारी पिठाची गिरणी आहे. सरांचं काही चुकलं की ते कन्नडमध्ये पुटपुटतात. खोली मोठी आणि रिकामी असावी, कारण सरांचा आवाज भिंतींवरून परत येतो. काकू सव्वाचारला चहा टाकतात. आलं कुटताना मध्येच थांबतात, हल्ली जास्तच. त्यांचा हात दुखत असेल का?"

सर थांबले. दाक्षायणीबाईंचा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला होता.

"अवो, हे मी तुमाला तरी कुटं सांगितलं होतं?"

आपल्या कानांचा सरांना केवढा अभिमान! आणि याच घरात, चार हातांवर, त्यांना जे ऐकू आलं नव्हतं ते त्या पोरीनं कुठल्या कुठं बसून ऐकलं होतं. त्यांनी पान पुन्हा पाहिलं. एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. खांदा धरला होता; डॉक्टरांनी व्यायाम दिले.

आता संध्याकाळचा वर्ग संस्कृती घेते. बार्शीपासून नागपूरपर्यंतचे अकरा जण आहेत, कुणालाच दिसत नाही. सरही त्यात हजर असतात. ती म्हणते, "सर, तुमी कशाला बसताय आता?"

"शिकतोय," सर म्हणतात. "तुम्ही चालू द्या, मॅडम."