फॅट मशीनची चुकलेली उडी

माझ्या शब्दावर भरवसा ठेवून वहिनींनी दूध संकलन केंद्रात दुधातली फॅट मोजणारं नवं मशीन घेतलं, आणि ते मशीन दिवा लावून नुसतं बसून राहिलं. काष्टीजवळच्या आमच्या वाडीतलं हे केंद्र बायकाच चालवतात. वहिनी त्यांच्या प्रमुख. मशीन नगरच्या एका छोट्या कंपनीने चाचणीसाठी दिलेलं. आत अगदी नवा प्रोसेसर. त्याचे प्रोग्राम बांधायला लागणारी सॉफ्टवेअरची अवजारं मी घरी बसून लिहीत होतो, म्हणून भर मीटिंगमध्ये मीच छातीवर हात मारला होता, "मशीन माझं समजा!"

समजलं त्यांनी. रोज सकाळी फोन.

"भावजी, तुमचं मशीन आजबी उठलं न्हाई."

प्रत्येक प्रोसेसरची बोली वेगळी, त्याच्या प्रोग्रामची फाइल बांधायची रीतही वेगळी. जगभर वापरात असलेल्या जुन्या अवजारांना ही नवी रीत शिकवायची, हे माझं काम. एक अवजार आज्ञांचे आकडे करतं, दुसरं तुकडे जोडून फाइल बांधतं, तिसरं ती फाइल उघडून आकड्यांच्या परत आज्ञा करून दाखवतं. हे तिसरं सुरुवातीला माझी फाइल बघून 'ओळखत नाही' एवढंच म्हणायचं, लग्नात मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं. किती आठवडे मी त्याची मनधरणी केली! शेवटी ओळखलं. मग सगळ्या चाचण्या पास. आज्ञा घाला, आकडे करा, परत आज्ञा काढा; जशीच्या तशी बाहेर. मी घरात पेढे वाटले.

आणि मशीन? ढिम्म.

मी फाइल शंभरदा उघडली. एकही चूक नाही. चूक सापडली की माणूस निदान तिला शिव्या तरी देऊ शकतो. मी कीबोर्डला दिल्या, पंख्याला दिल्या, पोह्यांनाही दिल्या. बायको म्हणाली, "पोह्यांनी काय केलंय?" आणि बशी उचलून घेऊन गेली.

शनिवारी, आमच्या बाजाराच्या दिवशी, वहिनींचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "भावजी, बाया म्हणत्यात, मशीन परत धाडू. पलीकडच्या केंद्रावर दूध घालाया लागल्यात काही जणी. मी म्हनलं, पुढच्या बाजारापातुर थांबा. आठ दिस हायेत तुमाला. मंग माझंबी तोंड न्हाई हितं बसायला."

मी लगेच कंपनीतल्या इंजिनिअरला फोन लावला. हा माणूस दक्षिणेतला, मराठी इथेच शिकलेला, हिशेबाला भलता काटेकोर. मी रडगाणं लावलं, "आठच दिवस उरलेत हो!"

"सात," तो शांतपणे म्हणाला.

"आठ! बाजार ते बाजार आठ दिवस!"

"आज शनिवार. उद्यापासून मोजा. सात."

"अहो, आजचा दिवस काय हवेत गेला? आमच्याकडे आज धरून मोज—"

आणि माझी जीभ तिथेच थांबली.

प्रोग्राममध्ये 'इथून अमुक आज्ञा पुढे उडी मार' असं सारखं सांगावं लागतं. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, 'या आज्ञेपासून मोजावे.' मी मोजलं. 'या आज्ञेला' एक धरून! जन्मभर जसे दिवस मोजत आलो, तसं. चिप मात्र त्या इंजिनिअरसारखी पुढच्या आज्ञेपासून मोजत होती. त्यामुळे प्रत्येक उडी एक घर पुढे पडत होती. बाजाराला निघालेला माणूस दर वेळी बाजार उठल्यावर दुसऱ्या दिवशी पोचावा, तसं. आणि चाचण्या पास का होत होत्या? तिन्ही अवजारं मीच लिहिलेल्या एकाच तक्त्यावरून शिकली होती. लिहिणारा आठ म्हणायचा, वाचणाराही आठच म्हणायचा. गावात भांडण कुठून होणार?

दुरुस्ती एका ओळीची. पण पुन्हा सगळं बांधायचं, तपासायचं, कंपनीने त्यावर प्रोग्राम नव्याने तयार करायचा, यात तो आठवडा गेला. (सात दिवसांचा. हरलो.) पुढच्या शनिवारी प्रोग्राम घेऊन केंद्रावर पोचलो, तर मशीन टेम्पोत चढवलेलं! दोरी बांधायचं काम चालू.

मी टेम्पोत उडी मारली. "वायर द्या! वायर!"

"खाली उतरा, पडाल," ड्रायव्हर ओरडला.

केंद्रातून लांब वायर ओढून आणली. मी प्रोग्राम भरला. खाली बायका कमरेवर हात ठेवून उभ्या. दिवा लागला. नेहमीसारखाच. एकजण म्हणाली, "ह्ये तर रोजच हाय."

मग पडद्यावर अक्षरं आली: 'नमुना ठेवा.'

वहिनींनी स्वतःच्या म्हशीचं दूध वर दिलं. आकडा आला. त्यांनी तेच दूध आत नेऊन जुन्या पद्धतीने तपासलं. घाई अजिबात नाही. बाहेर आल्या, पण माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या एका गाईचं दूध वर दिलं. परत आत. परत बाहेर. असं चार वेळा. मी उन्हात, टेम्पोत, हातात वायर.

पाचव्यांदा त्या बाहेर आल्या, पदर खोचला आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "जुळतंय. मशीन घ्या खाली उतरून."

मग ड्रायव्हरला, "भावजींना ऱ्हाऊ द्या वरच. त्यांना द्या कंपनीत सोडून."