तिरफळ, मामाची दाढ आणि माझी अक्कल

मामाच्या फोटोखाली 'निसर्गपुत्र' लिहिणाऱ्यांनो, जरा लाज बाळगा.

आज वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर फुलं, जोडलेले हात आणि 'आयुष्यात एक गोळी घेतली नाही' असलं कौतुक.

हो, वेळेवर नाही घेतली. म्हणूनच तर गेला.

मामा गोव्यातल्या पार्सेचा. काजू-नारळाची बाग आणि बागेच्या कडेला काटेरी तिरफळाचं झाड. बांगड्याच्या हुमणात घालतो, तेच तिरफळ.
दाढ दुखली की मामा ते चावून हिरडीशी दाबून ठेवायचा. आधी झिणझिण्या, मग सगळं बधिर.

आणि मी कोण?
पुण्याच्या लॅबमध्ये माणसाच्या नर्व्ह सेल्स डिशमध्ये वाढवून त्यांच्यावर वनस्पतींचे अर्क टाकणारी विदुषी.

दोन वर्षांपूर्वीची चवथ. मामा स्टुलावर चढून गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधत होता. काकडी, तोरिंगं, रानातली फळं.
तिरफळाचा घोस हातात घेऊन मला म्हणाला, "गो बाय, ह्या चावला काय दाढ गप कशी होता? दोन म्हयने मी ह्याच्यारच काढलंय."

दोन महिने. ऐकलं मी.
आणि लेक्चर सुरू केलं.

नसांच्या पेशींना बारीक दारं असतात. आयन चॅनेल्स. सोडियम, पोटॅशियम त्यातून आत-बाहेर करतात, म्हणून दुखल्याचा निरोप मेंदूला पोचतो. तिरफळातलं रसायन त्यातली काही दारं अडवतं, निरोप वाटेतच राहतो.

"म्हणजे खरा औषध!" मामा खूश.
"मग! सायन्स आहे ते, मामा."

मामेभावाने व्हिडिओ काढला. 'गोव्याच्या कन्येने सिद्ध केला तिरफळाचा चमत्कार!' पेडण्यापासून केरीपर्यंत फिरला.
काय सिद्ध केलं होतं मी? कप्पाळ! डिशमधल्या पेशींना ना हिरडी असते, ना जबडा. हे तिथेच लिहायला हवं होतं.
मी खाली हार्ट टाकला.

नंतर मामीने डॉक्टरचं नाव काढलं की मामा तोच व्हिडिओ लावायचा. "भाची सायंटिस्ट आसा माझी. ती खोटा सांगात?"

शिमग्यापर्यंत गाल सुजला. मामीने ओढतच म्हापशाला नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतके महिने काय करत होता?"
"दुखत नाय होता," मामा म्हणाला.
हिरडीचा कॅन्सर. जबड्यात उतरलेला.

आता व्हिडिओ फॉरवर्ड करणारे तेच महाभाग म्हणतात, केमोने मारला त्याला. तुमची कीव करायचीही इच्छा नाही.
दुखणं थांबणं वेगळं आणि रोग जाणं वेगळं, हे शेंबड्या पोराला कळतं. पीएचडीवालीला त्या दिवशी कळलं नाही. तिला टाळ्या हव्या होत्या.

मामा, तू तुझ्या दाढेचं विचारलंस. मी माझ्या थीसिसचं सांगितलं.
"तोंड उघड बघू" एवढंच म्हणायचं होतं रे.

आणि तू? शेवटच्या आठवड्यातसुद्धा, धड बोलता येत नव्हतं तरी, प्रत्येक नर्सला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होतास, भाची सायंटिस्ट आहे म्हणून.
एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास.

सुखात राहा, मामा.