जोतीराम फवारणीवाला आणि ईरम्माची भिंत

शहात्तर सालची गोष्ट. सकाळी दूध वर यायला लागलं होतं, माझी जाऊ वच्छला ताकाला रवी लावून बसली होती, आणि मागच्या दाराची कडी वाजली. जोतीराम एरवी कडी वाजवून थांबत नसे. "भांडी झाका, पाळणा भाईर काढा!" असं ओरडतच आत यायचा. आज मात्र तो उंबऱ्याबाहेर उभा होता. अंगात खाकी कपडे, पण हातात फवाऱ्याचा पंप नाही.

"फवारणीला न्हाय आलो, वैनी. जरा बोलायचं हुतं."

मी दूध उतरवलं आणि त्याला पडवीत बसवलं.

जोतीराम हिवताप खात्यातला, मूळचा माळशिरसकडचा. त्याच्या लहानपणी दर पावसाळ्यात निम्मं गाव थंडीतापानं कुडकुडत पडायचं. त्याची आई त्यातच गेली. पुढे डीडीटी आली आणि गावातलं कण्हणं थांबलं. तेव्हापासून त्या पांढऱ्या पाण्यावर त्याचा जेवढा विश्वास, तेवढा कुलदैवतावरही नसावा. अक्कलकोट रस्त्याच्या आमच्या वस्तीत मातीच्या भिंती फार. डास फवारलेल्या भिंतीवर बसला की मरतो, म्हणून भिंत सारवू नका, असं तो घरोघर बजावायचा. सण आला की बायका सारवायच्याच. "व्हय, नागोबाला चकचकीत भिंत पायजे, पोराला ताप चालंल!" असं तो म्हणाला की हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी मात्र तो मनापासून चिडला, आणि तोही ईरम्मावर. ईरम्मा वस्तीतल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची. तिची लेक बाळंतपणाला आली तेव्हा खोली स्वच्छ दिसावी म्हणून तिनं नुकतीच फवारलेली भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली. त्याच पावसाळ्यात तिच्या घरी ताप आला, मग गल्लीभर झाला, आणि त्यात गोजरबाईचा नातू गेला. जोतीराम भर नळावर बोलला, "ताप हिच्या भिंतीतनं निघाला. हिच्याच हातानं तुमी पोरं न्हाऊ घालून घेता?"

त्यानंतर ईरम्माला कुणी बोलावलं नाही.

"मागल्या आठवड्यात पुण्याचं सायेब आलतं," तो आता खाली बघत सांगत होता. "मी गोठ्यातनं डास धरून दिलं. औषधाचा कागद लावलेल्या नळीत त्यांनी सोडलं. म्या म्हनलं, बगा आता कसं पटापट पडत्यात. दुसऱ्या दिवशी बगतोय तर पडल्यालं लई थोडं. बाकीचं बसल्यालं, पाव्हनं बसावं तसं."

मग साहेबांनी फळ्यावर दोन वस्त्या काढल्या होत्या. पहिलीतले डास औषधानं मरणारे. तिथल्या थोड्या घरांवरचं औषध साहेबांनी बोटानं पुसलं, तरी तापाची रेघ खालीच उतरली. दुसरीतले डास औषध पचवणारे. तिथं एकाही भिंतीला हात लावला नाही, तरी रेघ चढत गेली.

"मी इचारलं, सायेब, आमची वस्ती कुटली? म्हनले, दुसरी. आजची न्हाय, बरीच वर्सं झाली असतील."

"म्हणजे ईरम्मानं भिंत पोतारली नसती तरी..."

"तरी आला असता की ताप."

वच्छलाची रवी थांबली. "मग हे नळावर जाऊन सांगा की! तेव्हा आवाज चांगला खणखणीत होता तुमचा."

"गेलतो, वैनी. गोजरबाई म्हनली, ईरम्मानं कडक भाकरी खाऊ घातल्याली दिसतीया. समद्या हसल्या." मग तो म्हणाला, "तिचं तरी काय चुकलं? तिचा नातू गेला, आन कुनामुळं गेला ते मीच सांगितलं हुतं तिला."

"आणि ईरम्माला सांगितलंत?"

तो तळहात गुडघ्यांवर घासत राहिला. खाकी कापडाचा खसखस आवाज येत होता.

"काल गेलतो. 'बा अप्पा, कूड,' म्हनली, घोंगडं टाकलं बसाया. वैनी, दोन वर्सांत भिंतीला हात लावला न्हाय तिनं. सारवावं तर ईरम्मानं, असं लोक म्हनायचं. तिच्या घरात पोपडं पडत्यात. कोनाड्याजवळ तर आतली कच्ची वीट दिसतीया. माझ्या औषधाचं डाग तेवढं हायती. मला इचारती, 'अप्पा, आता पोतारू का? परत कुनाचं पोर जायाचं न्हाय न्हवं?'"

"मग काय म्हणालात?"

"काय न्हाय." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ताप तुज्यामुळं न्हवता, एवढंच म्हनायचं हुतं. जीभच उचलंना. तिनं दिल्यालं पानी बी न पिता उठलो आन भाईर आलो. तिला वाटलं आसंल, अजून राग हाय ह्याचा."

मला त्याचा संताप आला होता. पण त्याची मान इतकी खाली गेली होती, की मी तो गिळला.

"माझ्याकडून काय हवंय, जोतीरामभाऊ?" मी शेवटी विचारलं.

"माझ्यासंगं ईरम्माकडं चला," तो म्हणाला. "बोलायचं ते मीच बोलतो. तुमी फकस्त मला मदीच उठू देऊ नगा."